गोष्ट कळली, कथानकाचे काय?

कथेचा पाठ शिकवून संपला की मराठीच्या तासाला दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘या कथेचे कथानक थोडक्यात सांगा’ आणि दुसरा, ‘या कथेतून कोणता बोध मिळतो?’ पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात विद्यार्थी कथेत जे जे घडले ते ते ओळीने लिहून काढतो. दुसऱ्याच्या उत्तरात प्रामाणिकपणा, त्याग, मातृप्रेम, कष्टाचे मोल यांपैकी जे त्या पाठाला शोभेल ते लिहितो. दोन्ही उत्तरे बाजारातील मार्गदर्शकांत तयार मिळतात, ती पाठ करता येतात आणि त्यांना गुणही मिळतात. या सगळ्या व्यवहारात कथा वाचण्याची गरज मात्र फारशी उरत नाही. दहा-बारा वर्षे मातृभाषा शिकून महाविद्यालयात आलेल्या मुलाच्या हाती एखादी अनोळखी कथा दिली आणि ‘लेखकाने ही गोष्ट येथूनच का सुरू केली?’ असे विचारले, तर तो गोंधळून जातो. प्रश्न फार अवघड असतो म्हणून तो गोंधळत नाही. असा प्रश्न कथेला विचारता येतो, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

ही उणीव मराठीच्या अभ्यासक्रमापुरती मर्यादित आहे, असे समजून तिच्याकडे काणाडोळा करणे परवडणारे नाही. एखादी हकिकत कोणत्या क्रमाने सांगितली आहे, तिच्यातील काय आधी आले, काय मागे ठेवले आणि काय गाळले, हे ओळखणे ही वाचनाची मूलभूत शक्ती आहे. वर्तमानपत्र, न्यायालयातील जबानी, निवडणुकीच्या सभेतील भाषण, या सर्व ठिकाणी तिची गरज पडते. ती विद्यार्थ्याच्या अंगी आणण्याचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे लघुकथा होय. कारण ती एका बैठकीत वाचून होते आणि तिची संपूर्ण रचना एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात येऊ शकते. हे साधन हाताशी असून आपण ते वापरत नाही, ही खरी तक्रार आहे.

हकिकत आणि रचना

‘कथानक थोडक्यात सांगा’ या प्रश्नातच घोटाळ्याचे मूळ आहे. थोडक्यात सांगता येते ती हकिकत. कथानक म्हणजे त्या हकिकतीची लेखकाने केलेली रचना. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली दिलेल्या व्याख्यानांत हा भेद एका राजाच्या आणि राणीच्या मृत्यूच्या उदाहरणाने समजावून दिला होता. दोन मृत्यू एकापुढे एक ठेवले तर ती नुसती हकिकत होते. दुसऱ्या मृत्यूचे कारण पहिल्याच्या दुःखात आहे असे दाखवले की कथानक जन्माला येते. त्याच दशकात रशियातील रूपवादी समीक्षकांनी प्रत्यक्ष घटनांचा क्रम आणि कथेतील मांडणीचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व मांडले. पण या विचाराचे मूळ फार जुने आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या घटकांत कथानकाला पहिले स्थान दिले आणि त्याची एक कसोटीही सांगितली. रचनेतील एखादा भाग काढला किंवा हलवला असता संपूर्ण कृतीला धक्का बसला पाहिजे; ज्या भागाच्या असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही, तो त्या कृतीचा खरा भाग नव्हेच.

वर्गात शिकवण्याच्या दृष्टीने ही कसोटी अत्यंत उपयुक्त आहे, कारण ती प्रत्यक्ष करून पाहता येते. तिला पारिभाषिक संज्ञा लागत नाहीत, फळ्यावर आकृती काढावी लागत नाही. ‘हा प्रसंग येथून उचलून तेथे ठेवला तर काय होईल?’ एवढाच प्रश्न आठवीतल्या मुलालाही विचारता येतो.

तात्पर्याचा वारसा

आपल्याकडे हा प्रश्न विचारला जात नाही याला काही ऐतिहासिक कारणे आहेत आणि ती समजून घेतली पाहिजेत. मराठी गद्याच्या प्रारंभीच्या काळातच, तेराव्या शतकात, महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथाने गोष्टीला एक निश्चित जागा नेमून दिली. आधी सूत्र, मग दृष्टांत, आणि अखेरीस त्या दृष्टांताचा अर्थ उलगडणारे दार्ष्टांतिक. गोष्ट मध्ये आणि तिचा अर्थ तिच्या बाहेर, अशी ही व्यवस्था होती. पंचतंत्र आणि हितोपदेश यांची घडणही उपदेशाचीच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापच्या कथा मराठीत आणल्या, तेव्हा नव्या शाळांना हाच साचा अधिक पक्का होऊन मिळाला. कथेच्या शेवटी ‘तात्पर्य’ असलेच पाहिजे, ही समजूत अशी अनेक शतकांची आहे.

या परंपरेला नावे ठेवण्याचे कारण नाही. दृष्टांताचे गद्य आजही वाचणाऱ्याला आपल्या नेमकेपणाने चकित करते. पण आधुनिक लघुकथा ही वेगळ्या जातीची निर्मिती आहे, हे विसरून चालत नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू करून स्फुट गोष्टी लिहिल्या आणि पुढे ‘मनोरंजन’च्या काळात दिवाकर कृष्णांसारखे लेखक आले, तेव्हापासून मराठी कथेने दार्ष्टांतिकाचा आधार हळूहळू सोडून दिला. तिचा अर्थ कथेच्या शेवटी निराळा सांगितलेला नसतो. तो घटनांच्या मांडणीत मुरलेला असतो. अशा कथेला तात्पर्याचा प्रश्न विचारणे म्हणजे घर पाहायला जाऊन केवळ दारावरची पाटी वाचून परत येण्यासारखे आहे.

आराखड्याची भुरळ

तात्पर्याच्या पद्धतीला कंटाळलेल्या काही अध्यापकांनी अलीकडे दुसरा मार्ग धरला आहे. फळ्यावर एक डोंगर काढायचा. पायथ्याशी ‘प्रारंभ’, चढणीवर ‘संघर्ष’, माथ्यावर ‘उत्कर्षबिंदू’, उतारावर ‘उकल’ आणि पलीकडच्या पायथ्याशी ‘शेवट’ असे लिहायचे आणि विद्यार्थ्यांनी त्या त्या जागी कथेतील घटना भरायच्या. ही पद्धत वरकरणी शास्त्रशुद्ध दिसते. तिचा जनक जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग. त्याने हा आराखडा १८६३ साली मांडला तो पाच अंकी नाटकासाठी, आणि त्यातील उत्कर्षबिंदू नाटकाच्या मध्यावर, तिसऱ्या अंकात येतो. कथेच्या अगदी अखेरीस कलाटणी देणाऱ्या आठ-दहा पानी लघुकथेला हा डोंगर लावायचा तर त्याचा उतारच नाहीसा होतो. मग उतारावर काय लिहावे म्हणून विद्यार्थी अडतो, आणि दोष आराखड्याचा असताना तो कथेला किंवा स्वतःला देतो.

परदेशी साच्याऐवजी आपला साचा घ्यावा, असे कोणी सुचवील. आपल्या नाट्यशास्त्रात मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण अशा पाच संधी सांगितल्या आहेत, आरंभापासून फलागमापर्यंत पाच अवस्था सांगितल्या आहेत. हा विचार सूक्ष्म आहे आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याला तो माहीत असलाच पाहिजे. परंतु त्याच्या मुळाशी फळाच्या दिशेने प्रयत्न करणारा नायक गृहीत धरलेला आहे. ज्या कथेतल्या माणसाच्या हाती अखेर काहीच लागत नाही, त्या कथेचा फलागम कोणता मानायचा?

साचा आणि कथा यांच्या संबंधाचा एक धडा तर मराठी साहित्याच्या इतिहासातच आहे. ना. सी. फडके यांनी १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’पासून कथा-कादंबरीच्या तंत्राची पद्धतशीर चर्चा केली. मराठीत असे विवेचन पूर्वी फारसे नव्हते आणि लेखनाकडे कारागिरी म्हणून पाहायला त्यांनी एका पिढीला शिकवले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पण सुरुवात, गुंतागुंत, उकल आणि कलाटणी यांचे ते विवेचन अनुकरण करणाऱ्यांच्या हातात पाककृतीसारखे झाले. पुढे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या नवकथेने ती चौकट मोडली. माडगूळकरांच्या १९४९ च्या ‘माणदेशी माणसं’ला कोणता उत्कर्षबिंदू लावायचा? तेथे माणूस उभा राहतो, त्याच्याभोवतीचा मुलूख उभा राहतो, आणि लेखन परिणाम करून जाते. लेखकांनी जो साचा सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी टाकून दिला, तो आपण आज विद्यार्थ्यांच्या गळ्यात का बांधावा?

दोन बातम्यांमधली कथा

मग शिकवायचे कसे? याचे उत्तर तत्त्वचर्चेपेक्षा प्रत्यक्ष कथा समोर ठेवून देणे बरे. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घ्यावी. हिची हकिकत चार वाक्यांत सांगता येते. गाव सोडून मुंबईला आलेला, अंगात अचाट बळ असलेला भीमा एका दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते, पोटाची चिंता उभी राहते, आणि स्मशानातील राखेत सोने सापडल्यावर तो तोच धंदा करू लागतो. एका रात्री प्रेत उकरताना त्याची कोल्ह्यांशी झुंज होते आणि प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. ती बोटे त्याला गमवावी लागतात आणि त्याच वेळी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

नेहमीच्या पद्धतीने या कथेचे तात्पर्य ‘लोभाचे फळ वाईट असते’ असे सांगितले जाण्याचा धोका आहे, आणि तसे सांगणे हा कथेवर आणि भीमावर केलेला अन्याय ठरेल. तो अन्याय टाळण्याचा मार्ग कथानकाच्या विचारातून जातो. यासाठी वर्गात विचारायचे प्रश्न साधे आहेत.

पहिला प्रश्न : कथा कोठून सुरू होते? घटनाक्रमाने पाहिले तर ती भीमाने गाव सोडण्यापासून किंवा खाण बंद पडण्यापासून सुरू व्हायला हवी. लेखक तसे करीत नाही. शेजारच्या गावातील एक सावकार मेला, ही बातमी भीमाच्या कानावर येते आणि तिने त्याला आनंद होतो, येथून कथा उघडते. एका माणसाच्या मरणाचा आनंद दुसऱ्याला का व्हावा? वाचक हादरतो, कदाचित भीमाविषयी त्याच्या मनात तिटकाराही उत्पन्न होतो. त्यानंतर लेखक त्याला मागे, खाणीकडे आणि उपासमारीकडे नेतो. म्हणजे आधी निवाडा करायला लावून मग पुरावा समोर ठेवायचा, असा हा क्रम आहे. विद्यार्थ्याने स्वतःच्या मनातील तिटकारा कोणत्या पानावर मावळला हे शोधून काढले, तर आरंभाचे प्रयोजन त्याला व्याख्येशिवाय कळेल.

दुसरा प्रश्न : शेवटची बातमी एक दिवस आधी आली असती तर? भीमा त्या रात्री स्मशानात गेला नसता आणि कथा घडली नसती. ती वर्षभराने आली असती तर? भीमाची शोकांतिका राहिली असती, पण तिच्यातील दाहकता उरली नसती. डोंगर फोडणारे हात निकामी होण्याचा आणि डोंगर फोडण्याचे काम पुन्हा मिळण्याचा क्षण एकच असल्यामुळे वाचकाचे लक्ष भीमाच्या वागण्यावरून सरकून त्या खाणीकडे वळते, जिचे चालू होणे आणि बंद होणे भीमाच्या हातात कधीच नव्हते. कथेच्या दोन टोकांना दोन बातम्या आहेत, एक मरणाची आणि एक कामाची, आणि दोन्ही बाहेरून येतात. माणसाचे सारे बळ या दोन बातम्यांच्या मध्ये खर्च होते. एवढे विद्यार्थ्याच्या लक्षात आले की ‘लोभ’ हा शब्द तो आपण होऊन खोडून टाकील.

तिसरा प्रश्न : कोल्ह्यांशी झुंजीचा प्रसंग काढून टाकला तर? हकिकतीच्या दृष्टीने तो आवश्यक नाही. बोटे त्याशिवायही अडकू शकली असती. मग लेखकाने तो का घातला? येथे वर्गात मतभेद होतील आणि ते व्हावेत. कोणी म्हणेल, भीमाचे बळ दाखवण्यासाठी. कोणी म्हणेल, एकाच अन्नासाठी माणूस आणि जनावर समोरासमोर आणण्यासाठी. अध्यापकाने आपले मत शेवटी सांगावे, किंवा सांगूही नये. उत्तरापेक्षा येथे एका गोष्टीचा आग्रह हवा : प्रत्येक मताला कथेतील ओळीचा आधार दाखवता आला पाहिजे.

गुपित कोणापासून?

रचनेचा दुसरा मोठा प्रश्न माहितीचा असतो. वाचकाला काय, केव्हा आणि किती कळू द्यायचे, हे लेखक ठरवतो. यासाठी दोन कथा शेजारी शेजारी ठेवून शिकवाव्यात. एक फ्रेंच लेखक मोपासाँ याची १८८४ ची ‘हार’ ही कथा आणि दुसरी बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या संग्रहातील ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही शीर्षककथा. पहिलीतील मातिल्द एका समारंभासाठी मैत्रिणीचा हार उसना घेते, तो हरवतो, आणि तसाच दुसरा घेऊन देण्यासाठी काढलेले कर्ज फेडण्यात नवरा-बायकोची दहा वर्षे जातात. अखेर कळते की मूळ हार खोट्या खड्यांचा होता. दुसरीतील तरुण नोकरीसाठी परक्या गावी जातो, राहायला जागा मिळावी म्हणून आपली जात लपवतो, आणि ती उघड होताच त्याच्यावर मार खाण्याची पाळी येते.

दोन्ही कथांचा कणा एक गुपित हाच आहे. पण मोपासाँने ते वाचकापासून लपवले आहे, तर बागुलांनी ते शीर्षकातच सांगून टाकले आहे. परिणामी पहिल्या कथेच्या शेवटी वाचकाला धक्का बसतो. दुसरीत त्याला प्रत्येक पानावर भीती वाटत राहते. आता कळेल, मग कळेल, या धास्तीत तो त्या तरुणाच्या बरोबर वावरतो. त्याला मिळणारा प्रत्येक आदर, त्याच्याशी बोलला जाणारा प्रत्येक गोड शब्द वाचकाला टोचतो, कारण त्या आदराची अट त्याला ठाऊक असते. बागुलांनी हे सत्य मोपासाँप्रमाणे शेवटच्या ओळीपर्यंत राखून ठेवले असते, तर एका सामाजिक क्रौर्याची केवळ चमत्कृती झाली असती. रचनेची निवड ही नीतीची निवड कशी असू शकते, हे याहून स्पष्ट दाखवणारी जोडी सहसा सापडणार नाही.

मोपासाँच्या कथेचा आणखी एक उपयोग आहे. ती दुसऱ्यांदा वाचायला लावावी. शेवट ठाऊक असताना वाचले की मैत्रीण तो हार किती सहजपणे देऊन टाकते, रिकामी डबी पाहून जवाहिऱ्या आपण हार विकलाच नव्हता असे कसे सांगतो, परत केलेली पेटी मैत्रीण उघडूनही कशी पाहत नाही, या खुणा एकेक करून दिसू लागतात. पहिल्या वाचनात त्या डोळ्यांसमोरच होत्या. आपण वाचतो ते सगळे पाहतो असे नाही, हा अनुभव विद्यार्थिदशेत एकदा तरी यावा. सावध वाचकाची घडण त्यातूनच होते.

आक्षेप आणि अडचणी

यावर पहिला आक्षेप रसिकांचा येईल. कथेची अशी चिरफाड केल्याने तिच्यातील आनंद नाहीसा होतो, असे ते म्हणतील. हा आक्षेप रास्त आहे, पण तो विश्लेषणाला लागू पडत नाही. विश्लेषणाच्या घाईला लागू पडतो. पहिले वाचन अखंड, कोणत्याही प्रश्नाशिवाय झाले पाहिजे. शिक्षकाने कथा मोठ्याने आणि नीट वाचून दाखवावी. परिच्छेदागणिक थांबून कठीण शब्दांचे अर्थ सांगण्याच्या प्रथेने कथानकाचा जेवढा घात केला आहे, तेवढा कोणत्याही समीक्षकाने केलेला नाही. प्रश्न दुसऱ्या वाचनाला यावेत. गाण्यातला राग ओळखता येणाऱ्याचा आनंद कमी होत नाही, तसेच हेही आहे.

दुसरी अडचण अध्यापकांची आहे आणि ती खरी आहे. वर्ग गच्च भरलेले, तासिका जेमतेम पाऊण तासाची आणि अभ्यासक्रम पुरा करण्याचा धाक कायमचा. या परिस्थितीत प्रत्येक पाठ असा शिकवा, असे सांगणे हे वस्तुस्थितीकडे पाठ फिरवणे होईल. पण एका सत्रात एकच कथा अशी शिकवली तरी चालेल. एका कथेवर प्रश्न विचारायला शिकलेला विद्यार्थी उरलेल्या कथांना ते स्वतः विचारू लागतो. ‘तात्पर्य’ पाठ करणाऱ्याला मात्र दर पाठाला नवे तात्पर्य पाठ करावे लागते.

तिसरी अडचण पाठ्यपुस्तकाची आहे. जागेच्या अभावी कथा संक्षिप्त करून छापण्याची पद्धत रूढ आहे. कवितेच्या चार ओळी गाळल्या तर निदान गाळल्याचे दिसते. कथेतील दोन प्रसंग गाळले की उरते ती हकिकत, आणि विद्यार्थ्याला तीच कथा वाटते. ज्याची रचना शिकवायची त्याचीच रचना मोडून द्यायची, हा उफराटा न्याय झाला. पाच संक्षिप्त कथांपेक्षा दोन संपूर्ण कथा केव्हाही श्रेयस्कर. या दृष्टीने २०२० साली आलेल्या बारावीच्या ‘युवकभारती’त कथा हा साहित्यप्रकार म्हणून स्वतंत्रपणे शिकवण्याचा जो उपक्रम झाला, तो स्वागतार्ह आहे. मात्र कथेचे घटक कोणते, याची यादी पाठ करण्यावर तो थांबू नये. शिवाय बारावीपर्यंत थांबण्याचेही कारण नाही.

प्रश्न बदलले तरच

आपल्याकडे जे परीक्षेत येते तेच शिकवले जाते, ही कटू वस्तुस्थिती आहे. तेव्हा सुधारणेचा आरंभही तेथूनच करावा लागेल. अलीकडे प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. ओघतक्ता पूर्ण करा, घटनांचा क्रम लावा, अशा कृती आल्या. त्याने पाठांतर काहीसे कमी झाले असेल, पण अशा कृतीत तपासला जातो तो घटनांचाच क्रम. त्या क्रमापासून लेखक कोठे आणि का दूर गेला, हे विचारले जात नाही. एवढा एक प्रश्न त्याच तक्त्याखाली जोडायला कोणताही खर्च येत नाही.

याहून उद्बोधक उदाहरण कथालेखनाच्या प्रश्नाचे आहे. ‘पुढील मुद्द्यांवरून कथा लिहा’ हा प्रश्न शालेय परीक्षांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. एक गरीब मुलगा – रस्त्यात पाकीट सापडणे – मालकाचा शोध – बक्षीस – तात्पर्य, असे मुद्दे ओळीने दिलेले असतात. म्हणजे आरंभ कोठून करायचा, काय मागे ठेवायचे, शेवट कोठे करायचा, हे सर्व परीक्षकाने आधीच ठरवलेले. कथालेखनातील जे खरे काम, तेच विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतले जाते आणि दोन मुद्द्यांमधील खड्डे वाक्यांनी बुजवण्याची मजुरी तेवढी त्याच्याकडे राहते. हेच मुद्दे विस्कटून द्यावेत. त्यांतील एक गाळण्याची आणि क्रम बदलण्याची मोकळीक द्यावी, आणि कथेखाली तात्पर्याच्या जागी ‘मी हा क्रम का निवडला’ यावर चार ओळी लिहायला सांगावे. पाकीट मालकाला परत मिळाल्यापासून जो मुलगा कथा सुरू करील आणि ते परत करण्यापूर्वीची रात्र शेवटी सांगेल, त्याला कथानक म्हणजे काय हे कळले, असे खुशाल समजावे. अशा उत्तरांची तपासणी अवघड आहे, ही सबब पुढे केली जाईल. निबंध तपासता येतो, तर या चार ओळी तपासता येऊ नयेत असे काही नाही. फक्त परीक्षकांना त्यासाठी नमुने आणि थोडे प्रशिक्षण द्यावे लागेल. अध्यापक पदविका आणि पदवीच्या अभ्यासक्रमांतही एखादी कथा या रीतीने शिकवून दाखवण्याचा पाठ ठेवावा लागेल.

वाचनातून नागरिकत्वाकडे

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. सगळ्याच विद्यार्थ्यांना कथालेखक किंवा समीक्षक व्हायचे नसते, हे उघड आहे. पण हकिकत ऐकण्याचा आणि सांगण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. दंगलीची बातमी सकाळी निघालेल्या मिरवणुकीपासून सुरू केली तर एक बाजू दोषी दिसते. आदल्या रात्रीच्या घटनेपासून सुरू केली तर दुसरी. दोन्ही बातम्यांत एकही वाक्य खोटे नसू शकते. हातातल्या दूरध्वनीवर मिनिटभराच्या चित्रफिती दिवसभर येत राहतात. त्या कोठून कापल्या आहेत, हा प्रश्न ज्याच्या मनात येत नाही, त्याला कोणीही कोणत्याही दिशेला वळवू शकतो. ‘हे येथूनच का सुरू होते आणि काय सांगितलेले नाही?’ असे भीमाच्या कथेला विचारायला शिकलेला विद्यार्थी हाच प्रश्न उद्या बातमीला आणि भाषणाला विचारील.

सांगण्याच्या बाजूनेही हे तितकेच खरे आहे. घरात पहिल्यांदाच शिकणारी मुले आज महाराष्ट्राच्या वर्गावर्गांत बसली आहेत. उद्या त्यांना जमिनीच्या वादाचा अर्ज लिहावा लागेल, पोलिसांपुढे जबाब द्यावा लागेल, मुलाखतीत स्वतःविषयी बोलावे लागेल. ज्याला आपली हकिकत लावून सांगता येत नाही, त्याची हकिकत दुसरा कोणीतरी आपल्या सोयीच्या क्रमाने लिहून घेतो आणि त्याखाली याचा अंगठा किंवा सही घेतली जाते. आपल्या आयुष्यातील काय आधी सांगायचे आणि काय नंतर, हे स्वतः ठरवता येणे ही शिक्षणाने द्यायची गोष्ट आहे. मराठीत अण्णा भाऊंनी आणि बागुलांनी ती ताकद कमावून दाखवली. त्यांच्या कथा पाठ्यपुस्तकात छापून त्यांखाली ‘बोध लिहा’ असे म्हणणे, ही त्या ताकदीची उपेक्षा आहे.

मराठीच्या भवितव्याविषयी सभा-संमेलनांतून चिंता व्यक्त होते आणि ठरावही होतात. भाषा टिकवण्याचे काम मात्र अखेर वर्गात व्हायचे असते, आणि ते एखाद्या कथेचे दुसरे वाचन करण्याइतके लहानही असू शकते. अभ्यास मंडळांनी संपूर्ण कथा द्याव्यात, परीक्षा मंडळाने प्रश्न बदलावेत आणि अध्यापकांनी सत्रातून एकदा तरी मार्गदर्शक बाजूला ठेवून ‘हे आधी का आले?’ असे विचारावे. यांपैकी कशालाही शासनाच्या फार मोठ्या अनुदानाची गरज नाही. गरज आहे ती विद्यार्थ्याला उत्तर पुरवण्याची घाई आवरण्याची.